लातूरला जायचं, व्हाया परळी

नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर आधी परभणी गाठावी लागते. लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येला आहे. गाडी मात्र निघते पश्चिमेला, थोडी उत्तरेकडे कलून. पूर्णा येतं, परभणी येते. तिथं मनमाडची वाट सुटते, गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडली जाते, परळी वैजनाथला गाडी बराच वेळ उभी राहते, मग घाटनांदूर, लातूर रोड, आणि शेवटी लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यानं जे अंतर सुमारे १४५ किलोमीटर आहे, ते रुळांवरून सव्वादोनशेच्या घरात जातं. त्यातही या वाटेनं जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. पनवेल-नांदेड आहे, आठवड्यातून एकदा धावणारी धनबाद-कोल्हापूर दीक्षाभूमी एक्स्प्रेस आहे. एरवी नांदेड-लातूर हा प्रवास म्हणजे एसटी, नाहीतर जीप, नाहीतर ट्रॅव्हल्स.

मराठवाड्यातला रेल्वेप्रवास म्हटलं की आपण उशीर, गर्दी आणि वेटिंग लिस्ट यांविषयी बोलतो. ते सगळं खरं आहे. पण त्या त्रासाचं मूळ डब्यात किंवा फलाटावर शोधून सापडत नाही. ते रुळांच्या आखणीत आहे. इथले रूळ ज्यांनी टाकले त्यांना नांदेडच्या माणसाला लातूरला न्यायचं नव्हतं आणि लातूरच्या माणसाला मुंबईलाही न्यायचं नव्हतं. त्यांच्या गरजा वेगळ्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या गरजांवर आपण आजही प्रवास करतो आहोत, आणि मला वाटतं, हे एकदा नीट समजून घेतलं तर रेल्वेकडे काय मागायचं तेही स्पष्ट होईल.

नांदेडची गोष्ट निजामाच्या राज्यातली. ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावानं हैदराबाद ते मनमाड असा ३९१ मैलांचा मीटर गेज मार्ग विसावं शतक उजाडता उजाडता पुरा झाला. निजामाच्या हमीवर चालणाऱ्या कंपनीनं तो बांधला. राजधानी आणि सिकंदराबादची इंग्रजी छावणी यांना उत्तरेकडे जाणारी जवळची वाट हवी होती. मधल्या मुलखातला कापूस आणि धान्यही बाहेर काढायचं होतं. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावं या वाटेवरची. पूर्णेहून हिंगोलीला फाटा गेला तो १९१२ मध्ये. हिंगोलीला निजामाच्या फौजेची जुनी छावणी होती, हे लक्षात घेतलं की तो फाटा कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. १९३० मध्ये निजाम सरकारनं ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. तोंड मात्र तसंच हैदराबादकडे राहिलं.

मनमाडला ब्रिटिश हद्दीतली ब्रॉड गेज होती, आपली मीटर गेज. त्यामुळं मुंबईला जाणारा प्रत्येक नांदेडकर, परभणीकर मनमाडला उतरत असे. ट्रंक, वळकटी, लेकरं, लोणच्याची बरणी, सगळं काढून दुसऱ्या फलाटावर न्यायचं, आणि तिकडच्या गाडीत जागा मिळेल की नाही याची धास्ती घेऊन उभं राहायचं. मालाचंही तेच: एका वॅगनमधून काढून दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण मनमाडचा तो उतारा बदलला नाही. राजकीय नकाशा मुंबईकडे वळला तरी रूळ वळायला आणखी तीन दशकं लागली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी रुंदीकरणाची मागणी किती चिकाटीनं लावून धरली हे आमच्या आधीच्या पिढीनं पाहिलं आहे. निवेदनं, मोर्चे, परिषदा, पुन्हा निवेदनं. १९९० च्या दशकात मनमाडपासून टप्प्याटप्प्यानं ब्रॉड गेज पुढं सरकत आली आणि नांदेडचा माणूस गाडी न बदलता मुंबईत उतरू लागला. आज पंचविशीत असलेल्या नांदेडच्या मुलांना मनमाडची ती धावपळ सांगितली तर खोटी वाटते.

रुंदीकरणात पूर्णेचं मात्र नुकसान झालं. हे मोठं मीटर गेज जंक्शन होतं. इंजिनांचे शेड, रेल्वेची वसाहत, पाळ्यांवर चालणारं सगळं गाव. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस इथून जायची. राजस्थान आणि हैदराबाद यांच्यामधली मीटर गेजची लांबलचक साखळी, आणि पूर्णा तिचा एक मोठा दुवा. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉड गेज झाला. पुढं अकोला-खंडवा रुंदीकरण अजून पूर्ण व्हायचं आहे, त्यामुळं उत्तरेकडची ती जुनी थेट वाट अजून पुन्हा जोडली गेलेली नाही. रेल्वे आली की गाव वाढतं एवढंच आपण शिकतो. रेल्वेचं तंत्र बदललं की एखादं गाव मागंही पडतं, हे पूर्णेच्या जुन्या क्वार्टर्सच्या रांगांतून चालताना कळतं.

आजच्या नांदेडकराचा मुख्य शत्रू आहे क्रॉसिंग. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर एकीनं स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहायचं, दुसरीनं निघून जायचं. एखादी गाडी वीस मिनिटं मागं पडली की तिच्या समोरच्या सगळ्या गाड्यांची गणितं विस्कटतात. डब्यात बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. बाहेर ज्वारीचं रान, एक बंद टपरी, सिग्नल लाल. कुणीतरी दारातून वाकून पाहतो आणि आत येऊन सांगतो, ‘क्रॉसिंग हाय.’ त्यावर सगळा डबा निमूट होतो; कुणी पाय पसरतं, कुणी डबा उघडतं. परभणी ते मुदखेड हा ८१ किलोमीटरचा तुकडा दुहेरी झाला आणि नांदेडच्या आसपास श्वास मोकळा झाला. परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यापुढं मनमाडजवळच्या अंकाईपर्यंतचं काम चालू आहे. ही कामं उद्घाटनाच्या फोटोत फारशी चांगली दिसत नाहीत. पण ऑगस्ट २०२५ पासून जालन्याची वंदे भारत नांदेडहून सुटू लागली, मुंबईचं ६१० किलोमीटर अंतर ती साडेनऊ तासांच्या आसपास कापते, आणि तिला वाट देण्यासाठी एकेरी मार्गावर दुसऱ्या कुणाला तरी थांबावंच लागतं. थांबणारी गाडी बहुतेक वेळा साध्या डब्यांची असते. नवी गाडी मिळाली याचा आनंद मलाही झाला. दुसरा रूळ मिळेल त्या दिवशी तो अधिक होईल, कारण त्याचा फायदा जनरलच्या डब्यातल्या माणसापर्यंत पोचेल.

आता लातूर. लातूरचे रूळ निजामाचे नव्हेत, एका खासगी कंपनीचे. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं अडीच फुटी नॅरो गेज कशी बांधावी याचा जणू आदर्श म्हणून हा मार्ग उभा केला. १८९७ मध्ये तो बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झाला. पुढं १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. (हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागं लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं ते करूनही दाखवलं. बालाघाटाच्या चढावर हलक्या रुळांचं गणित सोडवलेला माणूस आकाशात गेला, याचं मला फार कौतुक वाटतं.) लातूरच्या बाजारपेठेचं नशीब या छोट्या गाडीनं उघडलं. गंजगोलाईभोवतीचे सोळा रस्ते, अडती, डाळीच्या गिरण्या, तेलाचे घाणे, या सगळ्यांचा माल याच डब्यांतून कुर्डुवाडीला जाई आणि तिथं मोठ्या गाडीत चढे. येडशीच्या चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं खाली उतरून पुन्हा चढत, असं जुनी माणसं सांगतात. वाटेवरच्या कसबे तडवळ्यात १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची परिषद झाली; त्या भागातली म्हातारी माणसं स्टेशनाचं नाव घेताना अजूनही आधी ती परिषद सांगतात, मग गाडी.

१९५४ मध्ये सरकारनं बार्शी लाइट विकत घेतली. तरी लातूरकरांना ब्रॉड गेज मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. लातूर रोडकडून लातूर जोडलं गेलं, २००७ मध्ये धाराशिवपर्यंत आणि २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉड गेज पुरी झाली. जुनी गाडी धाराशिव शहराला बाजूला ठेवून येडशीवरून जात असे. नव्या आखणीत ते जिल्ह्याचं ठिकाण पहिल्यांदा रेल्वेवर आलं. पंढरपूर-मिरज रुंदीकरण त्यानंतर दोन-तीन वर्षांत झालं.

ही शेवटची गोष्ट किती मोलाची होती हे २०१६ नं दाखवलं.

त्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं होतं. लातूर शहराची तहान त्याच धरणावर. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा १४४ कलमाचा आदेश काढावा लागला; माणसं पाण्यासाठी एकमेकांवर धावून जातील ही भीती प्रशासनाला खरोखरच वाटत होती. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं. तेल वाहणाऱ्या वॅगन राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन घेतल्या. ११ एप्रिलला दहा वॅगनची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. अंतर ३४२ किलोमीटर. नंतर पन्नास वॅगनच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेत २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत अशा एकूण १११ खेपा झाल्या आणि सुमारे २६ कोटी लिटर पाणी लातूरला आलं. ते स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवून हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे नेलं जाई.

या पाणीगाडीचे फोटो देशभर छापून आले. तिच्या वाटेकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर: ही कॅलथ्रॉपची बार्शी लाइटच आहे, फक्त रुंद केलेली आणि मध्ये धाराशिवकडे वळवलेली. सात-आठ वर्षं आधी तो दुष्काळ पडला असता तर मिरज ते लातूर सलग ब्रॉड गेज नव्हती, आणि पन्नास वॅगनची ती गाडी येऊच शकली नसती. जो मार्ग इंग्रज कंपनीनं कापूस आणि वारकरी वाहून नेण्यासाठी बांधला, त्यानं एका शहराला उन्हाळाभर जगवलं. लातूरला त्या काळात मी बायाबापड्यांना गाडीच्या वेळा तोंडपाठ म्हणताना ऐकलं आहे. घरात कुणी प्रवासाला निघालेलं नव्हतं, तरी घर गाडीची वाट पाहत होतं. रेल्वेच्या इतिहासात असं शहर क्वचित सापडेल.

लातूर-मुंबई एक्स्प्रेस हा लातूरकरांचा दुसरा हळवा विषय. रुंदीकरणानंतर मिळालेली ही गाडी लातूरहून सुटायची, म्हणजे लातूरच्या माणसाला रिकामा डबा मिळायचा, वर सामान ठेवायला जागा मिळायची. २०१७ मध्ये ती आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली गेली. लातूरला आंदोलनं झाली, राजकारण पेटलं. लातूरकरांची तक्रार साधी होती: गाडी लातूरला येईपर्यंत जनरल डबे भरून येतात, उभं राहायलाही जागा राहत नाही. तक्रार खरी होती. पण उदगीरच्या आणि भालकीच्या माणसालाही मुंबई हवीच होती. एक गाडी, तीन गावं, आणि तिघंही तितकेच गरजू. अशा वेळी शेजारी शेजाऱ्याशी भांडतो, आणि दुसरी गाडी सोडा ही मागणी त्या गलक्यात ऐकू येत नाही. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तीसेक किलोमीटरवरचं लातूर रोड दक्षिण मध्यच्या सिकंदराबाद विभागात, आणि नांदेड हा त्याच दक्षिण मध्यचा पण २००३ मध्ये वेगळा केलेला विभाग. तीन विभाग, दोन झोन. नांदेड ते लातूर गाडी मागायची तर अर्ज कुठल्या दारी द्यायचा, इथपासून सुरुवात. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही इथली जुनी मागणी याच अनुभवातून आलेली आहे.

परगावच्या माणसाला लातूर रोड हे स्टेशन तर हमखास फसवतं. तिकडं हैदराबादकडून येणारा नवखा प्रवासी रात्री पाटी वाचून लातूर आलं असं समजून उतरतो. बाहेर अंधार, लातूर अजून तासाभराच्या अंतरावर. म्हणून डब्यातली माणसं आपणहून विचारतात, ‘कुठं उतरायचं, लातूरला का रोडला?’

दिवाळी अंकांतून आता युरोपच्या प्रवासवर्णनांची रेलचेल असते आणि त्यात इटलीची रेल्वे हटकून येते. रोम ते मिलान तीन तासांत. नांदेड-मुंबईपेक्षा अंतर फार कमी नाही. ट्रेनितालिया ही सरकारी कंपनी आणि २०१२ पासून तिच्याशी स्पर्धा करणारी खासगी इतालो, यांच्या वेगवान गाड्या. त्याबरोबर येणारे ताणही आपले प्रवासी लिहितात: प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, विसरलं तर दंड, फलाटाचा आकडा सुटायच्या काही मिनिटं आधी झळकतो, आणि संप. तिकडं १९९० च्या एका कायद्यानं संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. कामावर जाणाऱ्या माणसाची वेळ कायद्यानं राखून ठेवलेली आहे. हे मला त्यांच्या वेगापेक्षा जास्त घेण्यासारखं वाटतं. आपल्या पॅसेंजर आणि डेमू गाड्यांना असं कुठलंच संरक्षण नाही. काही काम निघालं की पहिली रद्द होते ती पॅसेंजर.

पण आपल्याशी नातं सांगणारी इटली रोम-मिलानची नाही, दक्षिणेची आहे. बासिलिकाता या गरीब प्रदेशातलं मातेरा हे जिल्ह्याचं शहर. डोंगर कोरून केलेल्या वस्तीमुळं १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. जगभरचे पाहुणे आले. त्यांना कळलं की सरकारी रेल्वेचं जाळं मातेराला पोचतच नाही. बारी शहरातून एक वेगळी, अरुंद मापाची छोटी रेल्वे तिथं जाते. सत्तरेक किलोमीटरला दीड तास आणि वर. फेरांदिनाहून मातेराला मोठ्या मापाचे रूळ न्यायचं काम १९८६ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं अर्धवट राहिलं. स्टेशन बांधलं गेलं, गाडी आली नाही. याच प्रदेशात मुसोलिनीनं हद्दपार केलेल्या कार्लो लेवीनं १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या नावातच आहे की ख्रिस्त एबोलीला थांबला, पुढं आला नाही. एबोली म्हणजे जिथं मुख्य वाट आणि रेल्वे किनारा सोडून आत वळते ते गाव. देश एक झाला, राजधानी ठरली, तरी दक्षिण उत्तरेच्या मागं का राहिली याचा वाद इटलीत दीडशे वर्षं चालू आहे, आणि त्यात रेल्वेचा नकाशा नेहमी पुढं येतो. अनुशेषावरच्या आपल्या अहवालांची सवय असलेल्या माणसाला हे वाचताना कुठलंही भाषांतर लागत नाही.

आणि इटलीचा एक धागा तर थेट नांदेडच्या फलाटापर्यंत येतो. पो नदीच्या खोऱ्यात, जिथं पार्मेसान चीज बनतं, तिथल्या दुधाच्या गोठ्यांवर पंजाबातून गेलेले हजारो शीख कामाला आहेत. नोव्हेलारा या गावात २००० साली त्यांचा मोठा गुरुद्वारा उघडला. आणि जगात कुठंही राहणाऱ्या शिखाच्या मनात एकदा तरी नांदेडच्या हजूर साहिबला यायचं असतंच. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये याच गोदाकाठी देह ठेवला.

नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस ही मला मराठवाड्यातली सर्वांत मोठी नवलाईची गाडी वाटते. दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास, आणि वाटेत परभणी-जालन्यापासून भोपाळ-दिल्लीपर्यंतच्या काही स्टेशनांवर संगतीची माणसं बादल्या-पातेली घेऊन उभी असतात. लंगर. कढी-चावल, छोले, खिचडी, बटाटा-फुलकोबीची भाजी. पैसे नाहीत, जात-धर्माची विचारणा नाही, स्लीपर की एसी हेही कुणी पाहत नाही. नेहमीचे प्रवासी घरूनच ताट-डबा सोबत घेतात आणि गाडी हळू होताच खिडकीशी तयार होतात. गाडी पाचदहा मिनिटं थांबते तेवढ्यात शेकडो माणसं जेवतात. गाडी तासन् तास उशिरा आली तरी ती वाढणारी माणसं फलाटावरून हललेली नसतात, अन्न गरम ठेवून उभी असतात. प्रवासात पहिल्यांदाच हे पाहणारा मराठी माणूस आधी संकोचतो. मग शेजारची बीजी त्याच्या हातात आपल्याकडचं जादा ताट देते आणि संकोच संपतो.

पूर्वेकडचा प्रवास वेगळाच. नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद. धर्माबादेत मिरचीचा बाजार. हंगामात डब्यात चढणाऱ्या माणसांच्या कपड्यांनाही तिचा ठसका असतो. पुढं गोदावरीचा पूल आणि पलीकडे बासर. सरस्वतीच्या मंदिरात मुलांकडून पहिलं अक्षर गिरवून घ्यायला निघालेली कुटुंबं या गाड्यांत नेहमी भेटतात. पोराला नवा सदरा, आजीच्या पिशवीत पाटी. मराठीत सुरू झालेलं बोलणं दखनी उर्दूतून जातं आणि तेलुगूत पोचतं. मधल्या वाटेवर कुणी कुणाला भाषा विचारत नाही. इथले रूळ हैदराबादसाठी टाकले होते याचा हा एक चांगला वारसा, आणि तो गमवावा असं मला कधीच वाटणार नाही.

जनरलच्या डब्याची अवस्था गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दिवाळीत, लग्नसराईत, उसाच्या हंगामाच्या आगेमागे, संडासाच्या दारापर्यंत माणसं बसलेली असतात आणि बाईमाणसाला रात्रभर तिथवर जाताच येत नाही. हा अपमान आहे आणि तो रोज होतो. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तिकिटांसाठी त्या सकाळी आठ वाजता पुण्या-मुंबईतली मराठवाड्याची पोरं मोबाइल धरून बसतात, आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं. मग तत्काळ: एसीला सकाळी दहा, स्लीपरला अकरा. तेही हुकलं की ट्रॅव्हल्स, आणि सणाच्या आठवड्यात तिचं भाडं जे होतं ते ऐकून अनेक जण घरी फोन करून सांगतात की यंदा जमत नाही. लातूर आणि नांदेड ही आता शिकवण्यांची शहरं आहेत. नीटची तयारी करणारी मुलं बाहेरगावाहून येऊन खोल्यांवर राहतात. सणाला घरी जाणं हे त्यांचं वर्षातलं मोठं काम. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुणे-हरंगुळ गाडी सुरू झाली तेव्हा लातूरच्या घरांत झालेला आनंद त्यामुळंच होता.

अशा डब्यातही काही गोष्टी घडतात. तिघांच्या बाकावर चौथ्याला ‘सरका की मामा जरा’ म्हणत जागा होते. कुणाच्या तरी डब्यातून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघते आणि ती न घेणं हा अपमान समजला जातो. अनोळखी मावशी झोपलेलं लेकरू मांडीवर घेते आणि त्याच्या आईला म्हणते, तू पड थोडी. ही माया आहे म्हणून गर्दी चालते, असं रेल्वेनं समजू नये. माणसं चांगली वागतात ते रेल्वेच्या जागी राहून.

लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा आहे. ३१ मार्च २०१८ ला पायाभरणी, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. वंदे भारतच्या १२० स्लीपर गाड्यांचं काम २०२३ मध्ये एका भारतीय-रशियन भागीदारीला मिळालं आहे. पाणी रेल्वेनं आणावं लागलेल्या शहरात देशाच्या गाड्या घडणार आहेत. इथल्या आयटीआयच्या मुलांना त्यात कायमची कामं मिळाली पाहिजेत, कारण जमीन आणि पाणी इथलंच आहे.

नव्या मार्गांत परळी-बीड-अहिल्यानगर हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली. तीस वर्षं. मंजुरीच्या वेळी शाळेत असलेली माणसं पहिल्या गाडीला आपली मुलं घेऊन आली. बीड ते परळी अजून बाकी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००९ च्या पायाभरणीनंतर वर्ध्याकडून कळंबपर्यंत सुरू झाला आहे. नांदेडची बाजू वाट पाहते आहे. देगलूरमार्गे नांदेड-बिदर हीसुद्धा जुनीच मागणी.

आणि लातूर रोड-नांदेड. लोहा आणि अहमदपूर या तालुक्यांच्या गावांवरून जाणारी ही थेट आखणी झाली तर परळी-परभणीचा वळसा टळेल, दोन्ही शहरं अडीच तासांच्या आत येतील, आणि हैदराबाद किंवा कुर्डुवाडीकडून नांदेडला येणाऱ्या मालगाड्यांना दुसरी वाट मिळेल. अहमदपूरचं सोयाबीन आज ट्रकनं लातूरच्या अडतीला जातं, लोह्याची मुलं शिकवणीसाठी एसटीच्या दारात लटकून नांदेडला जातात; त्या दोन्ही गावांत आजवर रेल्वे पोचलेली नाही. या मार्गाची मागणी आणि सर्वेक्षण आता पुरे झाले. येत्या अर्थसंकल्पात त्याला पैसे मिळायला हवेत, आणि लातूर-नांदेडच्या खासदार-आमदारांनी, पक्ष कुठलाही असो, ही मागणी एकत्र जाऊन मांडायला हवी. बीडनं पाहिली तेवढी वाट अहमदपूरनं पाहू नये.